चिडीचा पलंग

लढाई सुरू झाली, स्पिरिट मिळेनासं झालं, आणि मी ब्रश धुऊन माळ्यावर टाकले. लोकांना वाटलं, म्हातारा थकला. थकलो वगैरे नव्हतो. पाणी घातलेल्या स्पिरिटात लाख विरघळवून चांगल्या सागवानाचं वाटोळं करायची मला लाज वाटत होती, इतकंच. तेव्हापासून जळगावात घराच्या ओट्यावर बसून असतो आणि येणाऱ्याजाणाऱ्याच्या खुर्च्या-टेबलांची चौकशी करतो. परवा या अंकाचे संपादक घरी आले आणि म्हणाले, "बाबा, तुम्ही निम्म्या खानदेशाच्या घरांत आतपर्यंत जाऊन आलात. काहीतरी लिहा." मी म्हटलं, मी लिहिलं तर तुमचे वाचक घाबरतील. ते हसले. मी मात्र खरंच सांगत होतो.

आतपर्यंत गेलो हे खरं आहे. पाहुणा बैठकीत बसतो, वैद्य दुखणेकऱ्याच्या खोलीत जातो. जुनं सामान बैठकीत कुणी ठेवत नाही, त्यामुळे रंगाऱ्याला माजघरात, बाळंतिणीच्या खोलीत, कुठंही नेऊन बसवतात. आणि एकदा तो खाली मान घालून लाकूड घासायला लागला, की घरातली माणसं त्याला बहिरा समजतात. सासू-सुना, भाऊ-भाऊ, सगळे त्याच्यासमोर मनसोक्त भांडतात. मी कितीदा तोंडात बोट घातलं असेल त्याची गणती नाही.

आमच्या कामाबद्दल लोकांची एक समजूत असते, की रंगारी रंग देतो. रंग काय, कुणीही देतं. आमचं खरं काम आहे रंग काढायचं. जुन्या लाकडावर एकावर एक थर बसलेले असतात. त्यांना चुना आणि सोडाखाराचा लेप लावायचा, तो रंग फुगवतो. मग पत्र्याच्या पट्टीनं खरवडायचं, राहिलेलं काचेच्या तुकड्यानं तासायचं, गरम पाण्यानं धुवायचं आणि उन्हात नव्हे, सावलीत वाळवायचं. मग खडूची भुकटी जवसाच्या तेलात मळून खाचाखळग्यांत भरायची. तिला आम्ही लांबी म्हणतो. लांबी वाळली की घासून सपाट करायची, अस्तर द्यायचं, आणि मग कुठं रंग. गिऱ्हाईक शेवटच्या दिवशी येऊन रंगाचं कौतुक करतं. त्याच्या खाली आठवडाभराची धूळ आपण खाल्लेली असते, ते कुणाला दिसत नाही.

आमच्या गावात एक मारवाडी शेठजी होते, भले गृहस्थ. दर दिवाळीला ते लक्ष्मी ज्या कपाटात असते त्याला रंग द्यायचे, जुना न काढता, वरच्यावर. लक्ष्मीच्या अंगाला पत्रा लावायचा नाही असा त्यांच्या आईचा दंडक. एका वर्षी कपाटाचं दार लागेना. सुतार आला, त्यानं दार पाहिलं आणि मला बोलावणं पाठवलं. शेठजी दुकानावर गेल्यावर मी त्यांच्या आईची कशीबशी समजूत घातली आणि सगळे थर उतरवले. संध्याकाळी शेठजी आले आणि कपाटाकडे बघत उभेच राहिले. त्यांना वाटलं, मी त्यांचं कपाट विकून दुसरं लहान आणून ठेवलं. शेवटी त्यांनी किल्ली लावून पाहिली तेव्हा माझी सुटका झाली.

असे प्रसंग पुष्कळ आहेत आणि ते सांगून मी तुम्हाला हसवू शकलो असतो. पण लिहायला बसलो की मला एकच पलंग आठवतो. तो मी दोनदा हाताळला. पहिल्या खेपेला धुळ्यात, दुसऱ्या खेपेला एरंडोलजवळच्या एका खेड्यात.

धुळ्याच्या त्या घराचं नाव सांगत नाही. घर अजून नांदतं आहे. कापसाचा व्यापार, दोन मजली घर, दारात बैलांची दमणी. मुलाचं नुकतंच लग्न झालं होतं आणि सुनेच्या माहेराहून आंदणात सागवानी पलंग आला होता. चार कोपऱ्यांना कातीव खांब, उशाला रुंद फळा. पलंग कोरा होता, तो रंगवायला मला जळगावाहून बोलावलं. उशाच्या फळ्यावर समोरासमोर तोंडं केलेले दोन राघू काढायचे, अशी तेव्हा रीत होती. मी खडूनं राघूंची रेघ ओढत होतो, तेवढ्यात दारामागून आवाज आला. नवी सून होती, गिरजा नाव. डोक्यावरचा पदर दातात धरलेला, पण बोलणं ठसठशीत.

"राघू नको, बाबा. राघू पिंजरामा ऱ्हास. चिडी काढा."

राघू पिंजऱ्यात राहतो, म्हणून तिला चिडी, म्हणजे चिमणी, हवी होती. मी सासूबाईंकडे पाहिलं. त्या तांदूळ निवडत होत्या. त्या हसल्या, म्हणाल्या, काढा तिच्या मनासारखं, नवी नवाई आहे. मी फळ्याच्या वरच्या कडेला चिमण्यांची ओळ काढली. आयुष्यात पलंगावर चिमण्या मी त्याच एकदा काढल्या. सून पुन्हा आली, ओळ पाहिली, खूष झाली आणि फळ्याच्या खालच्या कोपऱ्यावर बोट टेकवून म्हणाली, "एक आठे खाले काढा. निजनू का मना हात पुरी अशी."

निजल्यावर हात पोचेल अशी एक चिमणी तिला खाली हवी होती. तीही काढली. नवरा मुलगा मधूनमधून येऊन रंग वाळला का विचारायचा. अतिशय गरीब वाटला स्वभावानं. मला स्वतःच्या हातानं पान करून द्यायचा. मी जळगावला परत आलो तेव्हा मनात म्हटलं, पोरीनं नशीब काढलं. काही वर्षांनी त्या बाजूच्या एका सुताराकडून कळलं, की ती सून तापानं गेली. वाईट वाटलं. मग विसरलो.

आता दुसरी खेप. एरंडोलजवळच्या त्या गावात तोताराम आबा नावाचे शेतकरी होते. खाऊन पिऊन सुखी, गावात शब्दाला वजन. त्यांची मधली मुलगी जमना, तिचं लग्न ठरलं होतं. आबांनी तिच्यासाठी एक जुना पलंग घेतला होता आणि तो घरी येऊन नवा करून द्या, असा मला निरोप होता. गेलो. पलंग अंगणात लिंबाखाली ठेवलेला. बघताक्षणी माझ्या कपाळाला आठी पडली.

ती का पडली ते सांगायला हवं. माणूस गेलं की अकराव्या-बाराव्याला त्याच्या नावानं पलंग, गादी, उशी, छत्री, जोडा असं दान देतात. त्याला शय्यादान म्हणतात. दान घेणारा ते सामान घरात ठेवत नाही, जुन्या बाजारात घालतो. बाजारातला माणूस त्यावर एक काळा हात मारतो आणि विकतो. गिऱ्हाईक विचारत नाही, तो सांगत नाही. आमच्या धंद्यातली माणसं मात्र ताजा काळा रंग दिलेला जुना पलंग दिसला की लांबून ओळखतात. आबांचा पलंग असा काळा कुळकुळीत होता. मी विचारलं, कुठून आणला. ते मोठ्या आनंदानं म्हणाले, धुळ्याहून. सुपारी फोडून सोयरीक पक्की करायला गेलो होतो, परत येताना बाजारात दिसला, लाकूड बघा कसं आहे. लाकूड उत्तमच होतं. मी गप्प बसलो. असले पलंग मी पूर्वीही नवे केले होते, आणि त्यावर माणसं सुखानं नांदली होती. मेलेल्याचं लाकूड म्हणून मला स्वतःला काही वाटत नाही.

लेप लावला, उशाच्या फळ्यापासून सुरुवात केली. काळा थर सालीसारखा निघाला. खाली हिरवं दिसलं, मग एक चोच दिसली. मी पट्टी खाली ठेवली आणि ओल्या फडक्यानं पुसलं. वरच्या कडेला ओळीनं चिमण्या बसल्या होत्या. माझ्याच हातच्या.

स्वतःचं जुनं काम समोर आलं की रंगाऱ्याला आनंद होतो. मलाही क्षणभर झाला. मग गिरजा आठवली, आणि पलंग दानात का गेला ते उलगडलं. मी आबांना हाक मारली आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, की मुलगी धुळ्यात कुणाकडे दिली. त्यांनी नाव सांगितलं. तेच घर. कापसाचा व्यापार, दोन मजली घर. मुलगा बिजवर आहे, पण वय फार नाही, असं आबा सांगत होते.

"पहिली तापमा गयी. पोर भी नही मांगे," ते म्हणाले. मागं मूलबाळही नाही, म्हणजे मुलीला काही त्रास नाही, असा त्यांचा हिशेब.

म्हणजे पहिल्या बायकोच्या नावानं दान दिलेला पलंग बाजारात गेला, तिथून आबांनी घेतला, आणि आता तोच दुसऱ्या बायकोबरोबर आंदण म्हणून त्याच घरी, त्याच खोलीत परत चालला होता. असलं काही मी ऐकलंही नव्हतं. हे मात्र गप्प बसण्यासारखं नव्हतं. मी आबांना फळा दाखवला आणि सगळं सांगितलं.

आबा पलंगापासून चार पावलं मागं सरकले. बायकोला हाक मारली. तिला सगळे अक्का म्हणत. अक्का आली, ऐकलं आणि मटकन पायरीवर बसली. दोघंही घाबरली होती. आबा म्हणाले, हा पलंग आत्ताच्या आत्ता घरातून बाहेर काढायचा, खळ्यात नेऊन जाळायचा. अक्कानं देवघरातून अंगारा आणून दारावर लावला. माझं काम संपलं, असं मला वाटलं. गाडी येईपर्यंत सामान गोळा करू म्हणून बसलो, तर खांबांवरचा लेप तसाच होता. सोडाखार लाकडावर सुकू देणं माझ्या जिवावर येतं. जळणारं लाकूड असलं म्हणून काय झालं. मी पट्टी घेऊन तो काढायला लागलो.

पहिल्या खांबावरून रंगाबरोबर काहीतरी मऊ निघालं. मेण होतं, गेरू कालवलेलं. लांबी भरायला ज्याला येत नाही तो असलं काहीतरी कोंबतो. मेण निघाल्यावर खाली खाच दिसली. खांबाला सगळीकडून वेढणारी, बोटभर रुंद, आतून गुळगुळीत. विहिरीच्या लाकडाला मोटेच्या दोरानं पडते तशी. मी दुसरा खांब खरवडला. तिथंही. मग उरलेले दोन. चारही खांबांना, गादीच्या थोडं वर, एकाच उंचीवर. मी हा पलंग रंगवला तेव्हा खांबांना ओरखडाही नव्हता. प्रत्येक खांबावरून माझा हात फिरला होता.

माणसाचं मन आधी पळवाट शोधतं. मला वाटलं, मच्छरदाणी असेल. पण मच्छरदाणीची नाडी वर बांधतात, आणि तिनं सागवानाला खाच पडत नाही. पाळण्याचा दोर असेल म्हणावं, तर मूल नव्हतं. कपडे वाळत घालायला कुणी पलंगाला दोर बांधेल का, तेही मनात येऊन गेलं. मग मी फळ्याचा खालचा कोपरा पुसला. तिथं मी एक चिमणी काढली होती. वरची ओळ शाबूत होती, पीस न् पीस मोजता यावं इतकी. खालची चिमणी झिजून गेली होती. पाठ गेली होती, चोच गेली होती, लाकूड उघडं पडून हाताच्या मळानं काळपट झालं होतं. हात खांबाला बांधलेला असला तरी जिथवर बोटं पोचतील, तेवढीच जागा झिजलेली होती.

मी तिथंच मातीत बसलो. लोकांच्या घरात पुष्कळ ऐकलं होतं, पण ते बोलणं होतं, आणि बोलणं खोटंही असतं. हे लाकूड होतं.

आबा पुन्हा बाहेर आले तेव्हा मी त्यांना खाचा दाखवल्या. काय असावं तेही सांगितलं. गिरजाला वेड लागलं असेल, फेपरं येत असेल, म्हणून बांधत असतील. पण बांधत होते, आणि पुष्कळ दिवस बांधत होते, एवढं नक्की. आबांनी चारही खांबांवरून अंगठा फिरवला. मला वाटलं, आता हा माणूस घोड्यावर बसून धुळ्याला जातो.

"पलंग दुसरा लिसू," ते म्हणाले. "सुपारी फुटी गयी, मिस्तरी. सोयरीक कशी मोडू?"

मेलेल्या बाईचा पलंग म्हटल्यावर चार पावलं मागं सरकणारा, दारावर अंगारा लावून घेणारा माणूस, दोराच्या खाचा पाहून जागचा हलला नव्हता. पलंग बदलायची त्यांची तयारी होती, घर बदलायची नव्हती. ते मला समजावून सांगायला लागले. मुलगी भरल्या घरात पडते आहे. पहिलीला काही झालं असेल, आपली जमना धडधाकट आहे. सुपारी मोडली तर धाकटीला कोण विचारील. त्यांचं म्हणणं असं होतं की हे मी पाहिलंच नाही असं समजावं आणि संध्याकाळच्या गाडीनं जावं. मला त्यांचा संताप आला. आज लिहितानाही येतो. पण ते कठोर बाप नव्हते. जमनाच्या नुसत्या नावानं त्यांचा आवाज मऊ व्हायचा. म्हणून तर मी जास्त हादरलो.

जमना माझ्यासाठी पाणी घेऊन आली तेव्हा आबा शेताकडे गेले होते. उंच, सावळी मुलगी. घरात दारावर अंगारा का लागला, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिला चिमण्या आवडल्या. कुणी काढल्या म्हणून विचारलं. मी म्हटलं, मीच. मग तिचं लक्ष खांबाकडे गेलं.

"हाई काय शे, बाबा?"

मी म्हटलं, दोराच्या खाचा आहेत.

"ढोरं बांधे का कोनी पलंगले?"

मी नाही म्हटलं. तिनं पेला खाली ठेवला आणि सहज केल्यासारखं मनगट खाचेला लावून पाहिलं. मग दुसऱ्या खांबापाशी गेली, तिथंही लावलं. मग माझ्याकडे पाहिलं. पलंग कुणाचा, ते तिनं विचारलं आणि मी सांगितलं. तिला न सांगण्याचं वचन मी आबांना दिलं नव्हतं. दिलं असतं तरी मोडलं असतं.

ती रडली नाही, ओरडली नाही. आत गेली. अक्काशी काय बोलली ते मला ऐकू आलं नाही. संध्याकाळी आबा खळ्यात न्यायला म्हणून पलंग उचलायला गडी घेऊन आले, तर जमना पलंगाच्या काठावर बसलेली आणि अक्का तिच्याशेजारी उभी. धुळ्याची मंडळी दुसऱ्या दिवशी मुलीला साडी नेसवायला यायची होती.

"जाळा मंग," जमना म्हणाली. "पन त्या लोके ई जाऊ द्या. माले एकच विचारनं शे."

धुळ्याची मंडळी आधी येऊ द्या, असं तिचं म्हणणं. आबा संतापले. पोरीच्या जातीनं काय विचारायचं असतं, लोकांत शोभा करायची आहे का, असं खूप बोलले. अक्का आजवर नवऱ्यापुढं कधी बोलली नसावी, कारण ती बोलायला लागली तेव्हा गडीसुद्धा दचकला. तिचं म्हणणं थोडक्यात होतं. पोर फक्त विचारणार आहे. विचारल्यानं ज्यांचं बिघडतं, त्यांच्या घरी ती द्यायची नाही. आणि मिस्तरींनी उद्या इथंच थांबावं, कारण हा पलंग त्यांनी ओळखला आहे, बायकांनी नाही. मी थांबलो. मला कुणी थांब म्हटलं नसतं तरी गाडी चुकवली असती.

दुसऱ्या दिवशी सकाळी दमणी आली. नवऱ्या मुलाची आई, त्याचे काका आणि एक दूरचा भाऊ. त्या बाई थोड्या जाड झाल्या होत्या, बाकी तशाच. हसऱ्या, मोकळ्या. मला त्यांनी ओळखलं नाही. पलंग रात्रीच अंगणातून ओसरीत आणून ठेवला होता, अर्धा खरवडलेला, चिमण्यांची ओळ उन्हात चकचकणारी. पाय धुऊन बाई ओसरीत चढल्या आणि थबकल्या.

"हाऊ पलंग आठे कसा?" त्या म्हणाल्या.

त्यांच्या तोंडून निघून गेलं ते. आबांनी मान खाली घातली. काका मुलाच्या सरकी काढायच्या नव्या जीनबद्दल काहीतरी बोलायला लागले. एवढ्यात जमना माजघरातून बाहेर आली. नवी साडी नेसवून घ्यायला निघालेली मुलगी यायची तशी नाही, सरळ पलंगापाशी येऊन उभी राहिली. हात जोडून नमस्कार केला आणि पहिलीबद्दल शांतपणे विचारलं, "थोरलीले यालेच बांधेत का?"

मला वाटलं, आता बाई नाकारतील. कानावर हात ठेवतील, रागावतील, उठून जातील. वेड होतं, फेपरं होतं, काहीतरी सांगतील, असं मी धरून चाललो होतो. मीच आदल्या दिवशी आबांना ती सबब शोधून दिली होती. बाई तसं काहीच बोलल्या नाहीत. घरच्या माणसाला घरची अडचण सांगावी तशा जवळिकीनं त्या बोलल्या.

"बांधना पडे, माय. जराशी नजर चुकनी का माहेरले पये. तिना बापच लई ये परत. मंग काय करवा?"

आमच्या खानदेशी बोलीत 'ळ'चा 'य' होतो. पये म्हणजे पळे, पळून जाई. वेड नव्हतं. फेपरं नव्हतं. ती माहेरी पळत होती. पळून का जात होती, हे त्या बाईंच्या मनात कधी आलंच नसावं. आणि दर वेळी तिचा बाप तिला परत आणून पोचवत होता. हे सगळं त्या पलंगाच्या कडेशी उभं राहून, हसऱ्या चेहऱ्यानं सांगत होत्या, आणि त्यात सांगू नये असं काही आहे, हे त्यांच्या गावीही नव्हतं. अक्कानं तोंडात पदर कोंबला होता.

मी आबांकडे पाहिलं. ते त्या बाईंकडे बघत नव्हते, जमनाकडे बघत होते. त्या एका वाक्यात 'बाप' हा शब्द होता, आणि तो त्यांना नेमका जाऊन लागला असावा. बायकोनं, मुलीनं, मी इतकं सांगून जे झालं नव्हतं ते त्या शब्दानं झालं. पाहुण्यांसमोर पानसुपारीचं तबक होतं, ते त्यांनी स्वतः उचलून बाजूला ठेवलं.

"चहा पी ल्या," ते विहीणबाईंना म्हणाले. "मंग गाडी जुपा."

आमच्याकडे दारात आलेल्याला चहाशिवाय घालवत नाहीत, मग तो कोणीही असो. पाहुण्यांनी चहा घेतला. बाईंना शेवटपर्यंत कळलं नाही की त्यांचं काय चुकलं. दमणीत चढताना त्या काकांना तेच विचारत होत्या.

दुपारी आबांनी पलंग खळ्यात नेऊन जाळला. जमनाची पुढं अमळनेरच्या बाजूला सोयरीक झाली. चांगलं घर मिळालं असं ऐकलं, मीही जाऊन आलो एकदा. आबांनी तिला आंदणात पलंग दिला नाही, कपाट दिलं. गावातले लोक मला म्हणत, रंगाऱ्यानं पोर वाचवली. मला ते ऐकवत नाही. पोरीनं स्वतःच स्वतःला वाचवलं. मी फक्त रंग काढला होता, आणि त्यासाठीच मला बोलावलं होतं.

त्याच लग्नसराईत धुळ्याहून एक माणूस माझ्याकडे जळगावला आला. त्याच घरचा निरोप होता. पलंग रंगवायचा आहे, येता का. मी विचारलं, जुना आहे? तो म्हणाला, नाही, कोरा, नव्या सागवानाचा, सुताराकडून नुकताच आलेला. मुलाचं लग्न कधी आहे, मी विचारलं. मनात म्हटलं, आजच्या गाडीनं निघून मुलीच्या बापाला गाठावं. तो म्हणाला, लग्न झालंसुद्धा, मागच्या आठवड्यात, पलंगाला मात्र वेळ लागला. मुलगी कुठली, मी विचारलं. साक्रीकडची, तो म्हणाला. मी तिचं नाव विचारलं. ते त्याला माहीत नव्हतं.